दाजींचं रक्त

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत मी तांबड्या पेशींवर प्रबंध करत होतो. नसांमधला निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. तेच या पेशींवरही असतं. आवरणात ते घुसलेलं नसतं, चरबीच्या बारीक शेपटीनं नुसतं अडकलेलं असतं. गायीच्या पेशीवरची शेपटी एका द्रव्यानं कापता येते, माणसाची सहसा दाद देत नाही. का देत नाही, एवढाच माझा विषय.

माणसाचं रक्त दाजी द्यायचे, थोरल्या बहिणीचे यजमान. तासगावला त्यांची द्राक्षबाग. सांगलीला आले की बाही सरकवून बसायचे, मग मी मिसळ खाऊ घालायचो. मेव्हण्याचं शास्त्र आपल्या रक्तावर चालतं, असं ते गावात सांगत.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांच्या पेशींवरचं विकर काम करेनासं झालं. शेपटी शाबूत, विकर जागेवर, पण निकामी. बागेवर मारायची काही औषधं नेमकं हेच करतात, हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलेलं होतं. दाजी तोंडाला फडकंही न बांधता फवारत.

सांगायला हवं होतं. पण मग तासगावला जा, बहिणीचं रडणं ऐका, बाग कोण फवारणार यावर बैठका करा. मला कंटाळा आला. शिवाय माझे आलेख बिघडत होते. मी स्वतःचंच रक्त वापरू लागलो आणि दाजींना म्हणालो, "तुमचं रक्त चालत नाही."

त्यांनी ते मनाला लावून घेतलं. मिसळही बंद केली. एका साखरपुड्याच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं रक्त पाव्हण्यास्नी चालत न्हाई. लय शिकल्यात." लोक हसले. मीही हसलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

थंडीत ते बागेतच कोसळले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात वाचवलं. शुद्धीवर आले तेव्हा नर्स रक्त काढत होती आणि उशाशी मी उभा होतो. त्यांनी आधी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आवं पाव्हणं, आता चालतंय का?"

"चालतंय," मी म्हणालो.

ते समाधानानं डोळे मिटून पडले. संध्याकाळी डॉक्टर येऊन म्हणाले, फवारणी सोडा. दाजी बरं म्हणाले आणि त्यांनी सोडली. एका वाक्यात ऐकलं. बहीण रडलीही नाही.