हाताखालचं घर

सात रस्त्याजवळच्या सभागृहात आम्ही एक मोठं टेबल मांडलं होतं. त्यावरच्या नकाशावर लाकडी ठोकळा ठेवला की वरचा कॅमेरा तो टिपायचा आणि समोरच्या पडद्यावर तिथे घर उभं राहायचं. उद्याचं सोलापूर कसं हवं, ते लोकांनी असं मांडून दाखवायचं होतं.

ती बाई दुपारी आली. बिड्या वळून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. बराच वेळ तिने नकाशात आपली गल्ली शोधली. मग एक ठोकळा पदराने पुसून तिथे ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला. पडद्यावर काही उमटेना.

"मावशी, हात काढा. हाताखालचं कॅमेऱ्याला दिसत नाही."

"हात काढला की घर पाडतेत," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या बारीला मी कामावर गेलते, तवाच पाडले की."

इथे कोणी पाडत नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तिने हात काढला. पडद्यावर घर आलं. ते डोळे भरून बघून ती गेली.

संध्याकाळी सभागृह रिकामं करून द्यायचं होतं. मी ठोकळे खोक्यात भरू लागलो. पडदा चालूच होता. तिचा ठोकळा उचलला, तसं तिचं घर गेलं. या बारीलाही ती तिथे नव्हती.