व्हर्नाने उघडलेलं दार

व्हर्ना अर्विंगमध्ये शाळेची बस चालवते. दोन फेऱ्यांच्या मधे ती आणखी एक काम करते, ते तिला कुणी नेमून दिलेलं नाही. ती चॉक्टॉ जमातीची. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जी कुटुंबं डॅलसच्या आसपास विखुरली आहेत, त्यांतल्या कुणाला दवाखाना हवा, कुणाला शिधा, हे तिला ठाऊक असतं. दवाखान्याची पत्रं ही माणसं उघडत नाहीत. व्हर्नाला दार उघडतात.

एस्थर आजींच्या दाराला मात्र चार महिने लागले. त्यांची पाच वर्षांची नात टेसा चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. अखेर आजी म्हणाल्या, "आण कुणाला तरी. पण एकालाच." व्हर्नाने दवाखान्यात काम करणाऱ्या आश्लेषाला नेलं. आश्लेषा नागपूरहून शिकायला आलेली.

"कागद गाडीतच ठेव," व्हर्नाने बजावलं. "आणि प्रश्न नकोत. तुम्ही लोक फार विचारता."

"तुम्ही लोक म्हणजे?"

"दवाखानेवाले. तुला काय वाटलं?"

आजींनी कॉफी दिली. टेसा हळूच आश्लेषाच्या गुडघ्याशी आली, तिच्या घड्याळाशी खेळू लागली. आश्लेषाला इतकं बरं वाटलं, की नागपुरात शेजारच्या पोरीला कुठलीही मावशी म्हणते तसं ती म्हणून गेली, "किती गोड गं तू! येतेस माझ्या घरी? नेऊ का तुला?"

आजींच्या हातातला कप तसाच राहिला. मग त्यांनी टेसाचं मनगट धरून तिला मागे ओढलं.

"निघा," त्या म्हणाल्या. व्हर्नाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गाडीत आश्लेषा चाचरली. "अगं, मी नुसतं लाडानं..."

"कळलं मला." व्हर्नाने गाडी सुरू केली नाही. "एकोणसत्तर साली माझा भाऊ चार वर्षांचा होता. सरकारी ऑफिसातून एक बाई आली. छान हसायची. त्याला म्हणाली, येतोस माझ्याबरोबर? त्याला बूट मीच घातले."

आश्लेषाने विचारलं, "मग परत कधी आला?"

"नाही आला. तेव्हा आमची पोरं अशीच नेऊन गोऱ्यांच्या घरी देत," म्हणत व्हर्नाने किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी आजींच्या दाराला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशीही. व्हर्नाने चुलतबहिणींना, चर्चमधल्या बायकांना फोन लावले. सहाव्या दिवशी आजी एका पुतण्याकडे सापडल्या. टेसाचे ओठ निळसर पडले होते. व्हर्ना जमिनीवर त्यांच्यासमोर बसली आणि त्या उठेपर्यंत हलली नाही.

दवाखान्यात येताना आजींची एकच अट होती. त्या दिवशी घरी आलेली ती मुलगी दिसता कामा नये.

आश्लेषा औषधांच्या खोलीत दार लावून उभी राहिली. भिंतीपलीकडे वाफेचं मशीन घरघरत होतं. टेसाचा खोकला आधी कोरडा, मग ओलसर होत गेला. बऱ्याच वेळाने व्हर्ना डोकावली.

"मंगळवारी परत येतायत."

"मी सुट्टी घेऊ?"

"घे," व्हर्ना म्हणाली.