निबकाकांनी हो म्हटलं

निबकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. जिन्याखालच्या टीचभर दुकानात अडतीस वर्षं ते फाउंटन पेनं दुरुस्त करत आले होते. एकदा डोळ्याला भिंग लावलं की घराला आग लागली तरी हा माणूस उठायचा नाही, असं काकू म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. काकांनी चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन ‘सांधे धरलेत’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून अवघड काम आलं की ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून ते गिऱ्हाइकाला वाटेला लावत.

पेनं जमवणाऱ्यांच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तेव्हा मुलीनं हरखून परस्पर होकार कळवून टाकला. सभागृहात काचेच्या पेट्यांत पेनं मांडली होती. काकांच्या टेबलावर ‘नीब तज्ज्ञ’ अशी पाटी होती. सकाळी साफसफाईची दोन-तीन सोपी कामं निभावली. लोक वाहवा करत होते. काका खुलले.

मग एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांनी रुमालातून एक साधं काळं पेन काढलं.

“माझ्या मुलाचं आहे. तो गेला, त्याला सहा वर्षं झाली. माझ्या हातून पडलं आणि नीब वाकलं. होईल का?”

काकांनी भिंगातून पाहिलं. नीब एका बाजूनं झिजलं होतं. पोरगा पेन तिरकं धरत असणार. वाकलेलं टोक जेमतेम केसभर सरळ करायचं होतं. पूर्वी हे काम त्यांच्या हातचा मळ होतं. मागे मुलगी उभी होती, भोवती माणसं वाकून बघत होती.

“होईल की,” काका म्हणाले.

त्यांनी चिमटा धरला. हात थरथरला. बारीकसा आवाज झाला आणि नीबचं टोक तुटून टेबलावर पडलं.

बाईंनी तो कण बोटाच्या टोकावर उचलून घेतला.

“बाई, माझा हात कापतो,” काका म्हणाले. “दोन वर्षांपासून. मला माहीत होतं.”

“मग हो का म्हणालात?”

काकांनी चिमटा खाली ठेवला. बाईंनी पेन पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि त्या निघून गेल्या.

घरी मुलीनं सगळं आईला सांगितलं. “दोन वर्षं?” काकू एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

पुढचे आठ महिने काका तसंच नीब शोधत राहिले. एका जुन्या दुकानदाराकडे अखेर सापडलं. आयोजकांकडून पत्ता मिळवून मुलीनं ते बाईंना पाठवलं. पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. आत नीब होतं आणि एक चिठ्ठी.

‘नीब चांगलं आहे. पण याच्यानं त्याच्यासारखं अक्षर येत नाही. मी लिहून पाहिलं.’

काकांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला बरोबर नेऊन दुकान रिकामं केलं. भिंग, चिमटे, निबांचे डबे, सगळं तिनंच खोक्यात भरलं. काका पायरीवर बसून होते.