चकमधली चावी

अरविंद गेल्याचं मला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्याच्या घरापासून माझं घर चौथं. नुसती हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती. पण हाक मारावी इतकं माझं त्या घराशी काही उरलं नव्हतं, हे त्याच्या बायकोला, मंदावहिनींना, माहीत होतं आणि मलाही. सकाळी चहा घेताना फोन उघडला तर जोडलेल्या हातांची रांग लागलेली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली आणखी एक, त्याखाली आणखी एक... वर सरकवत सरकवत गेलो तेव्हा कुठे नाव सापडलं. पहाटे छातीत दुखायला लागलं, ऑटो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मीही आधी दोन जोडलेले हात पाठवले आणि मग पायात चपला घातल्या. हा क्रम मी लपवत नाही. एवढं लपवल्यावर आता आणखी काय लपवायचं?

आमच्या यवतमाळात सरण पेटलं की मंडळी मोक्षधामातल्या शेडखाली बसतात आणि दोनचार जण गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं, त्यामुळे सगळे सारखंच बोलतात. जुना मित्र म्हणून पहिल्यांदा मला उठवलं. मी अरविंदला कलावंत म्हणालो, हसतमुख म्हणालो. तो हसतमुख अजिबात नव्हता, उलट चिडका होता, पण माझ्या तोंडून आपोआप तेच निघालं. माझ्यानंतर टपाल खात्यातले त्याचे जुने साहेब उठले. अरविंद मोठा गुणी, म्हणाले, पण शौकापायी निष्काळजीपणा केला आणि एक डोळा गमावून बसला, तरुणांनी यातून धडा घ्यावा. माना डोलल्या. अग्नी देऊन आलेली त्याची मुलगी खाली बघत होती. हल्ली बायकाही येतात. मंदावहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या, त्यांनीही मान हलवली. तिथे तेवढ्या माणसांत साहेबांचं वाक्य खोटं आहे हे ठाऊक असलेला एकटा मी होतो. मी मूग गिळून बसलो. नऊ वर्षांची सवय.

अरविंद टपाल कचेरीत खिडकीवर बसायचा आणि मी बँकेत. दिवसभर शिक्के मारणारे दोन कारकून, पण त्याचा जीव लोखंडात. कापसाचं एक जिनिंग बंद पडलं तेव्हा तिथल्या वर्कशॉपमधली लोखंड कातायची साडेचार फुटी लेथ मशीन त्याने घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आणली. घरामागे टिनाची खोली होती, तिची भिंत फोडून मशीन आत घेतली आणि भिंत पुन्हा बांधली. म्हणजे आता ती बाहेर काढायची तर पुन्हा भिंत पाडावी लागेल. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, सवत आणली असती तर दारातून तरी आली असती. मशीन सुरू झाली की आमच्या घरातला दिवा क्षणभर मंद व्हायचा आणि माझी बायको म्हणायची, लागले तुमचे मित्र कामाला. मग मी उठून तिकडे जायचो. रविवार सकाळ ते दुपारचं जेवण... अशी बारातेरा वर्षं आम्ही काढली. पहिल्यांदा त्याने काय केलं असेल तर वहिनींच्या शेवेच्या साच्याची पितळी चकती. तिची भोकं इतकी सारखी की दिवाळीत वहिनी ती शेजारपाजारच्या बायकांना दाखवत फिरल्या. मग कुणाच्या शिलाई मशीनचा बुश, कुणाच्या पंख्याचा दांडा. पण हे सगळं मधलं काम. खरं काम होतं ते एका इंजिनाचं. दारव्ह्याकडे त्यांच्या शेतातल्या विहिरीवर वडिलांच्या काळी ऑइल इंजिन होतं, टुकटुक करत पाणी ओढायचं. तेच इंजिन त्याला तळहातावर मावेल एवढं करायचं होतं, आणि नुसतं शोभेचं नाही, चालणारं. सिलिंडर त्याने जुन्या पंपाच्या ओतीव तुकड्यातून काढला, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, सहा वेळा केलं आणि पाच वेळा भंगारात टाकलं.

मी त्याचा मदतनीस. तो शिकवायचा आणि चिडायचा. लेथच्या तोंडाशी चक असतो, लोखंडाचा जबडाच म्हणा, त्यात तुकडा धरायचा आणि आडव्या मुठीच्या चावीने आवळायचा. आवळून झालं की चावी काढायची. मशीन सुरू झाली की चक गरगर फिरतो, त्यात चावी राहिली तर गोफणीतून सुटल्यासारखी सुटते. त्यामुळे अरविंदचा पहिला नियम असा की चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरच. हात सुटला तर चावीही बाहेर आली पाहिजे. आणि एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. स्विच दाबण्याआधी दर वेळी विचारायचा, "झालं काय?" मी म्हणायचो, हो. मगच दाबायचा. एका सकाळीत वीस वेळा. मी बँकेत लाखोंच्या नोटा मोजणारा माणूस, आणि हा मला शाळेतल्या पोरासारखं विचारतो, हे माझ्या नाकाला झोंबायला लागलं होतं. कधी कधी तर त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी हो म्हणून टाकायचो.

त्या रविवारी तेच झालं. इंजिनाचा पिस्टन शेवटचा एकदा घासायचा होता. मी चक आवळत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कुणाचा होता ते आजही आठवतं, गॅस एजन्सीचा होता. मी चावीवरचा हात काढला आणि फोन काढला. अरविंद कातायचं टूल नीट बसलं का ते बघायला वाकला होता. त्याने मान वर न करता विचारलं, झालं काय? आणि मी फोनकडे बघत म्हणालो, हो... एवढंच. त्याने स्विच दाबला. चावी त्याच्या चष्म्याच्या काचेतून उजव्या डोळ्यात गेली. वहिनी धावत आल्या तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता, तोंडावरच्या हाताच्या फटींतून रक्त येत होतं, आणि त्या अवस्थेत त्याचं पहिलं वाक्य होतं, "मीच न पाहता दाबलं." माझा फोन अजून माझ्या हातात होता. त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं.

नागपूरला नेलं. डोळा गेला. तिसऱ्या दिवशी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या तेव्हा मी त्याच्या खाटेशी बसून म्हणालो, मी सांगतो वहिनींना. तो म्हणाला, "मंदाले सांगू नको. तिले कळलं तं तुहं येनं बंद होईन. मंग मी त्या खोलीत बोलू कोनासंग?" मी हो म्हणालो. मला तेच हवं होतं, हे आज उघड बोलायला हरकत नाही. मी त्याचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलो असं स्वतःला सांगत राहिलो, आणि माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो.

वहिनींनी त्याला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक बोलावून मशीनची मोटर उतरवली. डॉक्टर म्हणाले होते की एका डोळ्याने सुरुवातीला अंतर कळणार नाही, पण सरावाने जमेल. वहिनींना ते ऐकायचंच नव्हतं. ज्या माणसाला चावी काढायचं भान नाही त्याच्या हाती मशीन द्यायची नाही, असं त्या मला साक्षीला धरून म्हणाल्या. तुम्हीच सांगा भाऊजी, चुकतं का माझं? मी म्हणालो, नाही... चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर पंच म्हणून समोर खुर्चीवर चहा पीत बसलेला. अरविंदने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बशीत चहा ओतला. धार बशीच्या बाहेर गेली. वहिनींनी तेवढ्यावरूनही त्याला ऐकवलं. पुढे आल्यागेल्यासमोर ऐकवत राहिल्या. त्यांचाही दोष नाही, त्यांना जे सांगितलं होतं त्याला धरूनच त्या बोलत होत्या. मोटर माळ्यावर चढली ती चढलीच. मी एक वाक्य बोललो असतो तर ती खाली आली असती. मला बोलणी बसली असती, माझं येणं बंद झालं असतं, पण त्याची मशीन चालू राहिली असती. नऊ वर्षं हा हिशेब मला रोज येत होता.

बिनमोटरची मशीन तो दर रविवारी पुसायचा. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब लोखंडी पाटावर, तेल पसरवायचा, चक हाताने फिरवून बघायचा. सुरुवातीला मी जायचो. पण त्याला ते करताना बघणं मला जमेना. मग दोन रविवारांनी एकदा, मग महिन्याने, मग दसऱ्याला सोनं द्यायला आणि दिवाळीला फराळाला. एकदा त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. इंजिनाचे सगळे भाग एका बिस्किटाच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवलेले होते. म्हणाला, मोटर नसली म्हणून काय झालं, पिस्टन हाताने घासून बसवता येईल, तू घास, मी शेजारी बसून सांगतो. मी म्हणालो, माझ्याच्यानं नाही होणार रे, हात थरथरतात. थरथरत नव्हते. पण मला त्या खोलीत त्याच्या एका डोळ्यासमोर तासन् तास बसायचं नव्हतं. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ज्या माणसाने आपली मशीन देऊन माझं येणं विकत घेतलं होतं, त्याला मी ते येणंही दिलं नाही. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर त्याचाही येतो. कशाला वाचवलं त्याने मला? मागितलं होतं का मी? त्याने मोठेपणा केला आणि मला आयुष्यभरासाठी खुजं करून ठेवलं. मित्राने मित्राशी असं वागू नये.

तेरवी झाली. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी नागपूरला परत गेली होती, वहिनी एकट्याच होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. फोनचं, चावीवरून काढलेल्या हाताचं, त्याच्या प्रश्नाचं, माझ्या उत्तराचं, नागपूरच्या खाटेवरचं. मला वाटलं होतं त्या ओरडतील, निदान रडतील. त्या मांडीवरच्या पदराची घडी घालत होत्या, ती घालत राहिल्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं की पाहिलं नव्हतं तर हो काहून म्हणाले. मी खरं तेच सांगितलं, दर वेळी विचारायचा म्हणून चिडलो होतो.

"नऊ वर्सं मी त्यायले बोलली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आल्यागेल्यासमोर बोलली. मरायच्या आदल्या दिवशी बी बोलली. आता माफी मागाले बी मानूस नाई राह्यला."

मी काहीतरी पुटपुटलो. मनावरचं ओझं, असंच काहीतरी.

"तुमचं ओझं उतरलं, त्यायचं काय? मोक्षधामात एवढे मानसं होते. साहेब बोलले, तवा तुमी तिथंच बसले होते. मले एकटीले घरात येऊन सांगून काय होते?"

म्हणून हा लेख. पुरवणीच्या वाचकांना अरविंद कोण हे माहीत असण्याचं कारण नाही, पण त्या शेडखाली बसलेल्यांपैकी बरेच जण हा पेपर घेतात. साहेबही घेतात. त्यांच्यासाठी सरळ लिहितो. अरविंद निष्काळजी नव्हता. इतका काळजीने काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याने विचारलं होतं. निष्काळजी मी होतो, आणि नंतर भित्रा, आणि या दोन्हींची शिक्षा त्याने भोगली.

एवढं लिहून झाल्यावर मागच्या रविवारी कागद घेऊन वहिनींकडे गेलो. पुढचं दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं. मागे गेलो. वहिनी टिनाच्या खोलीत मशीनपाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात तेलाची कुपी. मी कागद पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. आधी छापून येऊ द्या, म्हणाल्या, आणि पुन्हा बेडवर तेल ओतू लागल्या. तेल फार होत होतं, कडेवरून खाली ट्रेमध्ये ठिबकत होतं. एवढं लागत नाही. चार थेंब टाकायचे आणि फडक्याने लांबवर पसरवायचे, अरविंद तसंच करायचा. हे आता मला एकट्याला माहीत आहे. मी सवयीने फडक्याकडे हात नेला.

"हात नका लावू," वहिनी म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. तेल ठिबकत होतं, आणि ते कसं पसरवायचं हे सांगायलाही माझं तोंड उघडेना.