यादीबाहेरचा सिनेमा

डाउनलोडवाल्याला पाच सिनेमांची यादी दिली की पेनड्राइव्हमध्ये सहा निघत. लातूरला आमच्या शाळेसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सहावा कोणी सांगितला, असं विचारलं की म्हणे, "बघा तर मॅडम. तुमची यादी म्हंजे समद्या गावाची यादी हाय."

असाच त्याने एका विलायती बँडचा कृष्णधवल सिनेमा भरून दिला. वाद्यं कोरडी, थंड. गाणारा हडकुळा पोरगा कारकुनासारखे कपडे घालून उभा राही आणि मध्येच हात असे झाडी की बघवत नसे. त्याला मिरगी होती. मंचावर झटका आला तरी लोकांना तो नाच वाटे. शेवटी त्याने स्वतःला संपवलं.

मी चिडूनच दुकानात गेले. "कसले लोक हे? पोरगं मरायला टेकलंय आणि टाळ्या वाजवतात?"

"आपल्यासारखेच की," तो हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "मलाबी येतेत झटके. आपल्याकडं टाळ्या न्हाईत, चप्पल देतेत नाकाला."

पंधरा दिवसांत तेही पाहिलं. दोघांनी त्याचे हात दाबून धरलेले, तिसऱ्याने चप्पल हुंगवायला धरलेली, चौथा मोबाइलवर शूटिंग करतोय. सगळ्यांना ढकलून मी त्याला कुशीवर वळवलं. दुसऱ्या दिवशी झटका आल्यावर काय करायचं ते ठळक लिहून दुकानात चिकटवलं. त्याने लगेच फाडलं.

"निलंग्याला घरी माझी सोयरीक चालू हाय, मॅडम. कुणी वाचलं तर? अन् गोळ्या चालू हायेत की माझ्या."

पाहुणे यायच्या दिवशी निलंग्याहून त्याचा फोन आला. "भावानं गोळ्या पेटीत कुलपात टाकल्या. पाहुणे जाईस्तोवर म्हणं."

"आत्ता मागून घे!"

"मागतो की. लई ओरडता तुम्ही."

पाहुणे तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी तो विहिरीवर आंघोळीला गेला आणि पाण्यातच झटका आला. तो वर आलाच नाही.

सांत्वनाला गेले तेव्हा ओसरीवर भाऊ लोकांना सांगत होता, "बाहेरची बाधा होती."

"बाधा कसली? मिरगी होती," मी म्हणाले. "आणि गोळ्या तुमच्या पेटीत होत्या."

मी उठले. भावाची बायको फाटकापर्यंत मागे आली.

"मॅडम, माझ्या धाकटीलाबी झटके येतेत. गोळ्या कुठं मिळतेत? जरा हळू सांगा, हे ऐकतेत."

मी ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "सरकारी दवाखान्यात. उद्याच घेऊन जा. आणि पाहुणे आले तरी एक दिवस चुकवू नका."