पाती बदला

"थांब भिया. आधी माझं मला सांग, मग तुझं सांग."

उजव्या हाताचा पंजा हवालदारासारखा समोर धरलेला, आणि हे वाक्य. काकांनी पंजा वर केला की देवासमध्ये सगळं थांबायचं. माणसांचं सोडा, चौकातला सांड थांबलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला बिचाऱ्याला काकांचं म्हणणं काही सांगता येईना, म्हणून मुकाट्याने मागे वळून गेला.

भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भैया. वाक्याचा अर्थ एवढाच, की माझं म्हणणं खोडायचं आहे ना? खुशाल खोड. पण आधी ते तुझ्या तोंडून असं सांग की ऐकताना माझी मान आपोआप हलली पाहिजे. नाही हलली तर पुन्हा सांग. मी पहिल्या रविवारी 'देव आहे की नाही' यावर काकांना गारद करायला गेलो होतो. सकाळपासून जेवणवेळेपर्यंत मी त्यांचंच म्हणणं त्यांना सांगत होतो आणि ती मान तसूभर हलली नाही. घरी आलो तर बायकोने विचारलं, "काय ठरलं? आहे का?"

म्हटलं, "देवाचं माहीत नाही. काका आहेत."

काका मूळ धारचे. वीज खात्यातून निवृत्त झाले आणि लेकीजवळ राहायला आमच्या गावी आले. देवासला पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एक राजा, त्या कडेला दुसरा. माझे आजोबा सांगत की मधोमध शिंकलेल्या माणसाला दोन्ही दरबारांत हजेरी द्यावी लागे. काकांना या गोष्टीचं भारी कौतुक. म्हणायचे, "तुम्ही देवासवाले नशीबवान. दोन बाजू तुम्हाला जन्मतःच मिळाल्या. आम्हाला धारमध्ये एकच राजा, म्हणून मला दुसरी बाजू म्हातारपणी शिकावी लागली."

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहामागे वाचनालयाची खोली होती. तिथे रविवारी सकाळी काका, मी, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आणि पोह्यांच्या वासाने येणारे आणखी दोन-चार जण जमायचो. मधे समोरासमोर दोन खुर्च्या. एक वेताची, ती थोरली पाती. दुसरी लोखंडी, मांडीला चिमटे काढणारी, ती धाकटी पाती. दोघांनी बसायचं, एका प्रश्नावर दोन बाजू मांडायच्या. कोणा मोठ्या माणसाचं नाव घेऊन दडपायचं नाही. उदाहरण द्यायचं ते याच गावातलं. आणि वाद रंगात आला, दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या, की काका पंजा वर करून ओरडायचे, "पाती बदला!"

उठायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं आणि आत्तापर्यंत ज्याला शिव्या घातल्या तीच बाजू जीव तोडून मांडायची. घरी जाताना मात्र बोललेलं तिथेच ठेवून जायचं. "खुर्चीवरचं खुर्चीत," काका म्हणायचे. या एका हमीवर आम्ही काय काय बोललो असू! एका रविवारी तर मी असा युक्तिवाद केला की पोह्यांवर सेव नको. देवासमध्ये, दिवसाढवळ्या! बाहेर कोणी बोललं असतं तर टेकडीवरच्या देवीनेही मला परत पायरी चढू दिली नसती.

काकांची कीर्ती पार सोनकच्छपर्यंत गेली होती. तिकडच्या बसमध्ये एकदा कंडक्टर ओरडला, "आगे बढ़ो, आगे जगह है!" काकांचा पंजा वर. "भिया, जगह दिख रही है, या मानते हो?" कंडक्टर असा विचारात पडला की घंटी मारायची राहिली. सोनकच्छ मागे गेलं, आष्टा आलं, तेव्हा कुठे तो म्हणाला, "मानता हूँ, काका." सगळी बस उतरून उलट्या गाडीने परत आली. मी त्या बसमध्ये नव्हतो, पण असतो तरी हे असंच सांगितलं असतं.

आता एक प्रसंग सांगतो तो मात्र जसाच्या तसा. प्रश्न होता, आजारी माणसाला खरं सांगावं का. बाई वेताच्या खुर्चीत होत्या. सांगावंच, म्हणत होत्या. बोलता बोलता त्या आईवर आल्या. आई शेवटच्या दुखण्यात हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला जायचे बेत करायची, कोणती साडी नेसायची तेही ठरवायची, आणि या रोज म्हणायच्या, "हो, बरी झालीस की जाऊ." एवढं सांगून बाई थांबल्या. मी आपला सवयीने ओरडलो, "पाती बदला!"

काकांनी पंजा माझ्याकडे वळवला. "नाही भिया. हे खुर्चीचं नाही. हे बाईंचं आहे."

त्या दिवशी पाती बदलली नाही. काकांनी स्वतःच्या हाताने बाईंना चहा ओतून दिला आणि आम्ही सगळे उगाच खिडकीबाहेर बघत बसलो. सांगायचा मुद्दा, खुर्चीचं काय आणि माणसाचं काय, हे त्यांना कळत होतं. लक्षात असू द्या.

मंडळाचं सभागृह लग्नांना दिलं जातं. आचाऱ्यांना कढया-पातेली ठेवायला जागा नव्हती, आणि कार्यकारिणीचा डोळा आमच्या खोलीवर होता. सर्वसाधारण सभेत मतदान घ्यायचं ठरलं. सभेच्या आदल्या रविवारी काकांनीच प्रश्न टाकला, "जी वस्तू कोणी वापरत नाही ती जपायची, हे प्रेम की अहंकार?"

मी वेताच्या खुर्चीत बसलो. प्रेम, म्हणालो, आणि ते मनापासून. माझं सगळं शिक्षण हिंदीत. घरी मराठी बोलायचो, पण वाचायला घेतलं की वाक्याच्या शेवटाला पोचेतो सुरुवात विसरायचो. काकांनी मला त्याच खोलीत, चाळिशी उलटल्यावर, एकेक पान मोठ्याने वाचायला लावून मराठी वाचायला शिकवलं. ती खोली गेली तर मी पुन्हा अर्धा अडाणी.

"पाती बदला!"

लोखंडी खुर्चीत बसलो. माझ्यात एक खोड आहे. कोणतीही बाजू द्या, मी तिच्याच पोटी जन्मल्यासारखा बोलतो. म्हणालो, "आपली पोरं मराठी पुस्तक उघडत नाहीत. आपणही ती पुस्तकं वाचत नाही, ओवाळतो. खोलीला कुलूप लावायची भीती एवढ्याचसाठी, की मग आपण केव्हाच संपलो हे सगळ्यांना दिसेल. हे प्रेम नव्हे. आपल्याच फोटोला घातलेला हार आहे."

काकांचे डोळे भरून आले होते. "वा भिया," एवढंच म्हणाले. मला वाटलं, वक्तृत्वाला दाद मिळाली.

सभेत काका उभे राहिले. पंजा वर. सभागृह चिडीचूप.

"मी धारचा, पाहुणा माणूस. माझं मत सांगत नाही. या खोलीवर सगळ्यांत जास्त जीव कोणाचा? या आमच्या भियाचा. तो काय म्हणतो ते ऐका."

आणि माझं लोखंडी खुर्चीवरचं भाषण त्यांनी सांगितलं. शब्द माझे, पण माझ्याहून कितीतरी चांगलं. असं सांगितलं, असं सांगितलं, की इतक्या रविवारांच्या सवयीने माझी मान हलली.

सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या पडल्या.

मी उठलो. "अहो, ते माझं नाही! ते दुसऱ्या खुर्चीवरचं होतं!"

"मतलब?" अध्यक्ष म्हणाले. "कुर्सी बोली क्या?"

हशा. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे भिया, मान तर तुझीच हलली ना? अब बैठ भी जा."

"काका, सांगा ना त्यांना," मी म्हणालो. बाईही उठून म्हणाल्या, "काका, हे बरोबर नाही हं." काका स्वतःच्या पंजाकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. मग भराभर हात वर झाले आणि खोली गेली.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "काय केलंत हे?"

"मला पटलं रे तुझं."

"माझं नव्हतं ते!"

"पटल्यावर पटलं नाही म्हणू? मग इतके रविवार आपण काय नुसते पोहे खायला जमत होतो?"

"तर मग तुमचं म्हणून सांगायचं होतं. माझं नाव कशाला घातलंत त्यात?"

काका म्हणाले, "माझं कोणी ऐकलं नसतं."

"बाईंच्या वेळी तुम्हाला कळलं होतं, काका. आज कळलं नाही?"

पंजा वर झाला. "थांब भिया. आधी माझं मला..."

"नाही सांगत," म्हणालो आणि चालू पडलो. तो पंजा वर असताना निघून गेलेला देवासमधला मी पहिलाच. सांडसुद्धा थांबला होता हो.

पुढे ते लेकीचा निरोप घेऊन धारला भावाकडे गेले. जाताना माझ्या घरावरून गेले, आत आले नाहीत. मीही खिडकीतून हाक मारली नाही. बाई मध्यंतरी तिकडे जाऊन आल्या. सांगत होत्या, काका धारजवळ अमझेऱ्याला एका देवळाच्या ओट्यावर बसतात, चार माणसं जमवतात, बोलणं तसंच चालतं. "फक्त आता पाती बदलत नाहीत," बाई म्हणाल्या. "कोणी विचारलं तर म्हणतात, ते देवासला राहिलं."

परवा त्याच सभागृहात एक लग्न होतं. हात धुवायला म्हणून मागे गेलो. खोलीत कढया रचलेल्या. वेताची खुर्ची कुठे दिसली नाही. लोखंडी होती, तिच्यावर झारे ठेवले होते. ते खाली ठेवून मी बसलो. चिमटा तस्साच. समोर उपडं घातलेलं एक मोठं पातेलं होतं, त्यालाच म्हणालो, "काकांचं म्हणणं असं, की जे आपल्याला खरं पटलं ते बोलायची एकच संधी आहे, आणि ज्याच्या तोंडून लोक ऐकतील असा माणूस एकच आहे, तर त्याचं तोंड उसनं घ्यावं. मग त्या माणसाने जन्मभर आपलं तोंड बघितलं नाही तरी बेहत्तर. अशी किंमत जो मोजतो, त्याने दगा दिला असं म्हणू नये."

इतकं चांगलं काकांनाही सांगता आलं नसतं. मान हलवायला समोर पातेलं.

दारातून आचारी म्हणाला, "साहब, कुछ चाहिए क्या?"

मी उठलो, झारे होते तसे खुर्चीवर ठेवले.

तेव्हा मंडळी, आत्ता जे ऐकलंत ते लोखंडी खुर्चीवरचं होतं. माझं म्हणून कुठे सांगू नका.