अक्कांबरोबर तळ्यापर्यंत

अक्का गेल्या त्याला महिना होत आला. बातमी आली तेव्हा मी अवरेकाईच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. नंतर भेटायला येणारा जो तो म्हणाला, बिचारीनं आयुष्यात काय पाहिलं? हे मला मुळीच मान्य नाही. अक्का बिचाऱ्या नव्हत्या, आणि त्यांनी दाखवलं नसतं तर आम्हीच काही पाहिलं नसतं.

पंचावन्न-छप्पन साली लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला, कारखान्याच्या वसाहतीत आले. शेजारी अक्का भावाकडे राहत. मूळच्या बेळगावकडच्या, विशीतच विधवा झालेल्या, बोलण्यात निम्मं कानडी. थंडी पडली की रोज सकाळी त्या तळ्यावर फिरायला निघत आणि दारोदार हाका मारत येईल तिला बरोबर नेत. वाट सोपी, सपाट. कापणी झालेली नाचणीची शेतं, पुढे करंजाची झाडं आणि मग तळ्याचा बांध. नऊवारीतल्या बायकांनाही दम लागत नसे, कारण अक्का झाडाझाडापाशी थांबत. पाण्यावरचं धुकं हळूहळू विरे आणि पंख वाळवत बसलेले पाणकावळे दिसू लागत... कुणी घाई केलीच तर अक्का म्हणायच्या, ‘स्वल्प थांबा की. कुठं आग लागलीय?’

माझ्या सासूबाईंना हे खपत नसे. सकाळी सकाळी विधवेचं तोंड पाहून नव्या सुनेनं घराबाहेर पडायचं म्हणजे काय, असं त्यांनी मला सुनावलं. मी जातच राहिले. शेवटी माझ्यावर नजर ठेवायला त्याही येऊ लागल्या, आणि पंधरवड्यात माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या राहू लागल्या.

तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं अक्कांना कधी नसे. एका वर्षी आम्ही ठरवलं, हळदीकुंकू बांधावरच करायचं, म्हणजे अक्का आपसूक असतील. सासूबाईंनी बजावलं की त्यांना तिळगूळ द्या, कुंकू नाही. त्या सकाळी धुकं दाट होतं. सगळ्याजणी डोक्यावरून शाली गुंडाळून ओळीनं उभ्या. सासूबाई कोयरी घेऊन लगबगीनं एकेकीच्या कपाळाला बोट टेकवत निघाल्या... आणि अक्कांनाही कुंकू लावून मोकळ्या झाल्या. चूक कळताच त्यांनी पुसायला पदर पुढे केला. अक्कांनी त्यांचा हात धरला.

‘लावलंत ते लावलंत. आता पुसायचं नाही.’

तशाच त्या वसाहतीतून भर रस्त्यानं घरी आल्या. भावानं अबोला धरला, बायका कुजबुजल्या. अक्का रोज कुंकू लावत राहिल्या आणि रोज तळ्यावर जात राहिल्या. माझा ऊर तेव्हाही अभिमानानं भरून यायचा, आजही येतो.

पुढे सासरे वारले. सासूबाई कोपऱ्यातून उठेनात. अक्कांनीच त्यांना हाताला धरून पुन्हा बांधावर नेलं. कुंकवाचं नाव काढलं मात्र, की सासूबाई मान फिरवत. अक्कांनी कधी जबरदस्ती केली नाही.

परवा संक्रांत झाली. सकाळी पाहते तो सासूबाई आरशासमोर. त्यांनी कपाळाला कुंकू लावलं, शाल घेतली, चपला घातल्या. अक्का नाहीत, तेव्हा बायकांना हाका मारत आपल्यालाच जायला हवं, म्हणाल्या.

‘आणि कुणी काही विचारलं तर?’ मी म्हटलं.

‘विचारू दे,’ त्या म्हणाल्या, आणि पहिली हाक मारायला शेजारच्या दाराकडे निघाल्या.